बाजेची कोयती आणि आकाशातला पाट

एक काळ असा होता, की आमच्या बोरिवलीच्या घरी येणाऱ्याला छत्री फाटकातच ठेवायला लागायची. वर पाऊस कोसळत असला तरी! छत्रीच्या काड्या लोखंडाच्या ना, म्हणून. ह्यांची सायकल रस्त्याकडेच्या जांभळाखाली उभी राहायची. किल्ल्या, सेफ्टी पिना, चाकू, सगळं फाटकाला टांगलेल्या वेताच्या टोपलीत. मी तेव्हा तशी नवीच सून, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून सांगून माझा घसा बसायचा. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, "देवळात चामडं चालत नाही हे माहीत होतं गं बाई, तुमच्याकडे लोखंडाचा विटाळ कधीपासून?"

विटाळ कसला! माझ्या धाकट्या दिरांचं यंत्र होतं ते.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल. सगळ्या जगातल्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वी तपासायला घेतली होती, गावोगावच्या डॉक्टरांनी मिळून एकच आजारी माणूस तपासावा तशी. भाऊजी नुकते बी.एस्सी. होऊन एका प्रयोगशाळेत हंगामी नोकरीला लागले होते. पृथ्वी म्हणजे एक भलामोठा लोहचुंबक, आणि त्याचा जोर सदा एकसारखा नसतो, तो अगदी बारीक बारीक थरथरतो, ती थरथर पकडायची, हे त्यांचं काम. पण मुंबईत विजेच्या गाड्या. त्यांची वीज रुळांतून जमिनीत झिरपते आणि यंत्राला वेडंपिसं करते. साहेब म्हणाले, उपनगरात कुठे रुळांपासून लांब जागा मिळाली तर करून बघू, नाहीतर यंत्र बांधून दूर कुठेतरी न्यावं लागेल. भाऊजी म्हणाले, आमची वाडी आहे की, कान्हेरीच्या डोंगराकडे.

वाडी म्हणजे काय, सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला तुकडा. एक विहीर, केळी, चार आंबे, आणि मधे आमचं कौलारू घर. सासरे गेले होते. घरात सासूबाई, हे, मी आणि भाऊजी. घरामागे खड्डा खणला, त्यात लाकडी पेटी उतरवली, पेटीत तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तिथून एक वायर पडवीतल्या कोंदट खोलीत. तिथे एक लहानसा दिवा, एक इवलासा आरसा, आणि फोटोच्या कागदाची गुंडाळी हळूहळू फिरत राहायची. उजेडाचा ठिपका कागदावर रेघ ओढायचा. भाऊजी झोपायचेही तिथेच. सकाळी न्हाणीघराचं दार लावून ते कागद धुवायचे आणि वाळत घालायचे सासूबाईंच्या सोवळ्याच्या दांडीवर. त्यावरून रोज भांडण.

"मेल्या, माझ्या धाबळीला औषधाचा वास येतो!"

"आई, जगात किती जणांच्या दांडीवर पृथ्वी वाळत पडलीय सांग."

"माका शिकवू नको. पृथ्वी वाळव, पण दुसऱ्या दांडीवर."

मी चौथी पास. पण मला ह्या प्रकाराचं भारी वेड लागलं. कागद वाळले की मी ते पाहत बसायची. दिवसभराची रेघ म्हणजे नुसतं रान, जिकडेतिकडे गाड्यांचे धक्के. शेवटची गाडी गेली, की पहिली सुटेपर्यंत मात्र रेघ शांत. पृथ्वीचं म्हणून जे काही यायचं, ते तेवढ्या वेळातच. आणि तेवढ्या वेळातही कोणी बादली हलवली, मांजराने विळी पाडली, की रेघेला उचकी! म्हणून तर लोखंडबंदी. विहिरीवर पितळी कळशी आली. अडकित्ता, विळी, कोयती, सगळं फाटकाजवळच्या खोपीत गेलं. भाजी चिरायची तर तिथे जाऊन. पाण्याला येणाऱ्या बायकांना वाटलं, खड्ड्यात काहीतरी जागृत आहे. एके दिवशी बघतो तर पेटीवरच्या मातीवर नारळ आणि झेंडूची फुलं. भाऊजी कपाळाला हात लावून बसले आणि सासूबाईंनी नारळाची चटणी केली.

हे सगळं असं हसतखेळत चाललं होतं, तोवर वन्सं आल्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांच्या पाठची, भाऊजींच्या वरची. घाटकोपरला दिलेली. सातवा संपून बाळंतपणाला माहेरी आल्या. दुसरं बाळंतपण. पहिलं सासरीच झालं होतं, आणि ते मूल पाचवी पुजून झाल्यावर, बारशाआधी गेलं. कशाने गेलं ते डॉक्टरलाही नीट सांगता आलं नव्हतं. वन्संनी मनाशी धरून ठेवलं होतं, की तिथे उशाशी लोखंड ठेवलं नव्हतं. सासरची माणसं शहाणी, शिकलेली, असलं काही मानत नसत. आता ह्यात कोणी काय बोलायचं? दुःखाला टेकायला काहीतरी भिंत लागते.

आमच्याकडे रीत अशी, की बाळंतिणीच्या बाजेवर उशाखाली कोयती किंवा विळा ठेवायचा. बाळ एका कुशीला, लोखंड दुसऱ्या. आणि बाळंतीण मागच्या दारी गेली तरी हातात लोखंडाचं काहीतरी हवं. वाऱ्यावावदळातलं काही चिकटू नये म्हणून. वन्संचा सगळा जीव त्या कोयतीत अडकला होता. आणि बाळंतिणीची खोली कुठली? मागची, उबेची. तिच्या भिंतीपलीकडेच भाऊजींचा खड्डा!

भाऊजींनी समजावून बघितलं. "ताई, चांदीचा पैंजण ठेव. तांब्याचा गडू ठेव. पितळेची समई ठेव हवी तर."

"समई घेऊन मागल्या दारी जाऊ?"

सासूबाई कडाडल्या, "लोखंडाशिवाय बाळंतपण माझ्या घरात व्हायचं नाही. तुझी पृथ्वी चाळीस दिवस थांबेल. पोर थांबणार नाही."

"थांबत नाही ना पृथ्वी! आई, जगभर सगळे एकाच वेळी लिहून घेतायत. जे कुठेच नाही ते आमच्या कागदावर आलं, तर मला नोकरीत ठेवतील का? साहेब आधीच म्हणतायत, बोरिवलीत काही मिळत नाही."

मग वन्सं उठल्या. शांतपणे म्हणाल्या, "मी घाटकोपरला जाते." आणि कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक ओढायला लागल्या.

"ताई, ट्रंक उचलू नकोस!" भाऊजी ओरडले.

वन्संनी वळून पाहिलं. "पोटाकडे बघून ओरडलास का खड्ड्याकडे?"

भाऊजींचा चेहरा असा काही झाला, की मला हसूही येईना आणि रडूही. ते पुढे झाले, ट्रंक स्वतः खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. मग म्हणाले, "दोन्ही. खोटं का बोलू? पण आधी पोटाकडे."

त्या दुपारी वन्सं विहिरीपाशी जाऊन बसल्या होत्या. मी केळींना पाणी सोडत होते. भाऊजी आले, विहिरीचं पाणी ओतायच्या दगडी डोणीच्या काठावर टेकले. वन्संनी त्यांच्याकडे न बघताच विचारलं, "तुझं यंत्र एवढं ऐकतं तरी काय रे? ज्याच्यापायी बहिणीला हाकलतोयस?"

आता भाऊजींना हे कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारायची, पण मी म्हणजे डोकं खाणारी. ते सांगायला लागले, आणि मी कळशी तशीच धरून ऐकत राहिले.

सूर्याकडून विजेने भारलेले कण येऊन पृथ्वीवर आदळत असतात. पृथ्वीच्या चुंबकाचा जोर तिच्याभोवती ताणलेल्या तारांसारखा आहे, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्या तारा छेडल्या जातात. कंप तारेवरून उतरत उतरत खाली येतो. पण जमिनीच्या आधी, साठ मैलांच्या वर, एक थर लागतो. तिथली हवा सूर्याच्या किरणांनी विजेची झालेली. भाऊजी आयनोस्फिअर म्हणायचे, पुढे मी मराठी पुस्तकात 'आयनांबर' असं वाचलं. तो थर म्हणजे आपल्या हातातलं गाळणं समजा. काही कंप आरपार सोडतो, काही तिथेच जिरवून टाकतो.

"आणि काही," भाऊजी म्हणाले, "सरळ खाली येतच नाहीत. हे बघ." त्यांनी डोणीतल्या पाण्यावर बोटाने टिचकी मारली. एक बारीकशी लाट डोणीच्या तोंडातून पाटात शिरली आणि मातीच्या दोन काठांमधून केळींकडे गेली. "मी टिचकी इथे मारली. त्या शेवटच्या केळीपाशी कोणीच काही केलं नाही, तरी तिच्या बुडाशी पाणी हललं. तसंच वर. कुठेतरी पार उत्तरेकडे तो कंप त्या थरात उतरतो, आणि थरातल्या थरात आडवा वाहत, पाटातून यावा तसा, इकडे येतो. अशी अटकळ आहे, ताई. सिद्ध व्हायचंय. आपली वाडी म्हणजे ती शेवटची केळ. तिच्या बुडाशी पाणी हललं का, एवढंच मला बघायचंय."

"आणि वर पाट बांधला कोणी?"

"त्या थराच्या वरची हवा वेगळी, खालचीही वेगळी. तेच दोन काठ."

वन्संची नजर पाटावरून विहिरीकडे गेली. मग म्हणाल्या, "मग ह्या विहिरीवरची आडवी कांब लोखंडाची आहे, ती चालते का?"

"ती हलत नाही ना. यंत्राला लोखंडाचं वावडं नाही, हलण्याचं आहे. जे बदलतं तेच त्याला कळतं. जे जागच्या जागी आहे, ते त्याच्या लेखी नाहीच."

"मग माझी कोयती कुठे हलतेय? ती उशाशी पडून असते. पडून राहायचं, हेच तिचं काम!"

भाऊजी ताडकन उठले. मला म्हणाले, "वहिनी, सुंभ आहे का घरात?"

संध्याकाळी सासूबाईंनी खोपीतून कोयती आणली. भाऊजींनी स्वतः ती बाजेच्या चौकटीच्या लाकडी गात्याला, उशाच्या बाजूला, सुंभाने करकचून बांधली. जणू ती कोयती नव्हे, वाघ होता. सासूबाई म्हणाल्या, "आणि ही मागल्या दारी जाईल तेव्हा?"

हा खरा पेच. तेव्हा लोखंड हलणारच. शेवटी असं ठरलं, की त्यासाठी अडकित्ता वेगळा ठेवायचा, आणि वन्सं निघाल्या की तांब्यावर पळी वाजवायची. पडवीत भाऊजींनी ऐकायचं, घड्याळ बघायचं आणि कागद वाळला की त्या वेळेपाशी पेन्सिलीने छोटीशी कोयती काढायची. म्हणजे ही उचकी आकाशातली नाही, आमच्या घरातली, हे कळावं. ह्यांनी फिरकी घेतली, "जगात कुठल्याही शास्त्रज्ञाच्या कागदावर बाळंतिणीची नोंद नसेल, फक्त बोरिवलीच्या!"

मुलगी झाली. घरीच, सुईणीच्या हाताने. लालबुंद, भरपूर केसांची. आणि वन्संचे हाल सुरू झाले. त्या झोपेनात. सारखं मुलीच्या नाकाखाली बोट धरायच्या. श्वास लागला नाही असं वाटलं, की तिला हलवायच्या, ती किंचाळून उठायची, मग ह्या रडायच्या. मागल्या दारी जाऊन येईपर्यंतही धीर नाही, दारात पोचेपर्यंत चारदा मागे वळणार. पळी तर सारखी वाजायची. कागदावर कोयत्याच कोयत्या! गाड्या थांबल्यावर जो काय तेवढा शांत वेळ मिळायचा, तो असा चिंध्या झालेला. भाऊजींनी चकार शब्द काढला नाही. साहेब एकदा येऊन बघून गेले, म्हणाले, ही चंद्रकोर कसली? भाऊजींनी खरं ते सांगून टाकलं. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे बाळंतिणीपाशी अडकित्ता असतो." पण जाताना हेही म्हणाले, की महिनाअखेरीस निर्णय घेऊ.

हे वन्संनी आतून ऐकलं.

एकदा सकाळी मी बाळीच्या टाळूवर तेल थापत होते. भाऊजी दारातून बघत होते, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी यायचं नाही ना. म्हणाले, "वहिनी, ते काय हलतंय तिच्या डोक्यावर?"

"टाळू. भरलेली नसते ना अजून. उडते ती."

"उडते म्हणजे?"

"नाडीसारखी. काळीज खाली छातीत, ठोका वर इथे दिसतो. मऊ जागा असते तिथूनच दिसतो."

भाऊजी उंबऱ्यावर बसलेच. "ताई," ते म्हणाले, "तू नाकाशी बोट कशाला धरतेस? तिला उठवतेस उगाच. ही बघ की! लांबून दिसते. दिवा बारीक असला तरी दिसेल. मी पृथ्वीची टाळू शोधतोय सहा महिने, आणि तुझ्याकडे पांघरुणातच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लावू नको मेल्या." पण वन्संनी वाकून बघितलं. तेलाने चकचकणारी ती इवलीशी जागा, खाली-वर, खाली-वर. त्या कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. त्या दिवसापासून बोट धरणं कमी झालं. नुसत्या बघायच्या. मुलगी झोपू लागली, मग त्याही थोड्या झोपू लागल्या. बारसंही झालं. पहिल्या वेळी जो दिवस उगवलाच नव्हता, तो उगवून मावळला. तरी अडकित्ता काही हातचा सुटला नव्हता, आणि पळी वाजतच होती.

मग एका सकाळी भाऊजी न्हाणीघरातून ओला कागद तसाच धरून बाहेर आले. चेहरा पांढरा. "वहिनी, ताई बरी आहे ना? रात्रभर पळी वाजली नाही."

मी आत धावले. वन्सं बाजेवर बसून मुलीला पाजत होत्या. "बरी आहे की. का?"

"तू उठली नाहीस रात्री?"

"उठले की. दोनदा उठले."

"मग पळी?"

"कशाला वाजवू? अडकित्ता घेतलाच नव्हता." त्या मुलीकडे बघत म्हणाल्या. "कोयती हिच्यापाशी होती. ती नाही हलवली, बांधलेलीच आहे. मी गेले रिकाम्या हाताने. म्हटलं, एकदा तरी तुझा कागद कोरा राहू दे. महिना संपत आलाय ना?"

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर! दारातून वळून बघितलं, तर दिव्यात हिची टाळू उडत होती. मग गेले."

भाऊजींनी कागद उजेडात धरला. मी त्यांच्या खांद्यामागून बघितलं. शेवटच्या गाडीनंतर रेघ शांत झाली होती, एकही उचकी नाही. आणि पहाटेकडे त्या रेघेला बारीक गाठी पडल्या होत्या, एकसारख्या. फुगायची, बारीक व्हायची, पुन्हा फुगायची. जशी कोणी मोत्यांची माळ ओढून सरळ केली असावी. कागदाचं पाणी माझ्या पदरावर ठिबकत होतं.

"हललं," ते म्हणाले. "शेवटच्या केळीपाशी पाणी हललं."

पुढचं थोडक्यात सांगते. साहेबांनी तो कागद दूरच्या दुसऱ्या ठिकाणच्या कागदाशेजारी ठेवून बघितला. तीच माळ, त्याच वेळी. निर्णय मात्र गाड्यांच्याच बाजूने झाला. एवढ्याशा शांत वेळात भागायचं नाही, म्हणाले, यंत्र लांब न्यायचं. पण यंत्राबरोबर भाऊजींनाही नेलं, आणि हंगामी हा शब्द त्यांच्या नोकरीपुढून गळला. तो कंप वर नक्की कसा वाहतो, कुठले काठ धरून वाहतो, ह्यावर पुढे पुष्कळ जणांनी पुष्कळ लिहिलं. त्यातलं मला जमेल तेवढं मी वाचलं. पाटाची गोष्ट बरीचशी खरी निघाली, एवढं मला समजलं. बाकीची आकडेमोड मी पानं उलटून सोडून दिली.

चाळीस दिवस भरले. वन्संना न्यायला घाटकोपरहून माणूस आलं. पेटी उकरून नेलेली, मागे नुसता खड्डा. सासूबाईंनी बाजेच्या गात्याचं सुंभ सोडलं, कोयती पुसली आणि वन्संच्या पिशवीत घालायला लागल्या.

वन्संनी त्यांचा हात धरला. "राहू दे, आई. तिथे असेल एखादी. नसली तरी..." पुढे बोलल्या नाहीत. बाळीच्या टोपडं घातलेल्या डोक्यावर त्यांनी नुसता तळवा ठेवला.

सासूबाईंनी कोयती मागे घेतली. मग म्हणाल्या, "बरं. मग रिकाम्या हाताने नको जाऊ, केळी तरी ने." आणि कोयती घेऊन त्या मागल्या दारी गेल्या. केळीच्या लोंगरावर खच्चकन घाव घातला. तसा तो आवाज झाला आणि आम्ही सगळ्यांनी दचकून पडवीकडे बघितलं. मी, वन्सं, सासूबाईसुद्धा, कोयती हवेत तशीच धरून.

पडवी रिकामी होती. कोणी ओरडलं नाही.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या, "आता कितीही हलवा." आणि त्या हसायलाच लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सासूबाईंनी दुसरा घाव घातला, आणि केळीचा लोंगर धप्पकन त्या खड्ड्यात पडला.